नाव सोडा, जमीन धरा : नेब्रास्कातल्या शेतकरी घराण्याचा माग कसा काढावा

लेकीला शाळेतून 'आपल्या घराण्याचा इतिहास' लिहून आणायला सांगितलं, तेव्हा माझ्या बाजूचं काम एका फोनमध्ये उरकलं. साताऱ्याहून बाबांनी सातबारा आणि दोन जुने फेरफार व्हॉट्सअ‍ॅपवर धाडले, आत्याने तिच्या वहीतल्या सात पिढ्यांच्या नावांचा फोटो पाठवला. नवऱ्याच्या बाजूला मात्र सगळं भांडवल म्हणजे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणि सासूबाईंचं एक वाक्य : "आपली माणसं बोहेमियातून आली आणि सेलीन काउंटीत त्यांना जमीन फुकट मिळाली." (बोहेमिया म्हणजे आजच्या झेक देशाचा भाग, आणि काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा.)

आडनाव हाताशी होतं, म्हणून मी आडनावाच्या मागे लागले. तीन महिने वाया गेले. एकच माणूस पाच कागदांवर पाच वेगळ्या स्पेलिंगनी बसला होता, शिवाय त्याच काउंटीत त्याच नावाचे आणखी दोघे होते. बाबांना फोनवर हे रडगाणं सांगत होते, तर ते मधेच म्हणाले, "ते नाव राहू दे गं. गट नंबर काय?"

तिथून काम मार्गी लागलं. अमेरिकेत राहणाऱ्या, इथल्या घरात लग्न करून आलेल्या किंवा जुनं शेतघर विकत घेऊन 'इथे आधी कोण राहत होतं' असा किडा डोक्यात शिरलेल्या मराठी माणसांसाठी हा सगळा क्रम लिहिते आहे. उदाहरण आमच्या घरचं आहे, आग्नेय नेब्रास्कातलं. कॅन्सस, डाकोटा, मिनेसोटा या भागांत कागद जवळपास हेच असतात, फक्त कचेऱ्या बदलतात.

आधी एवढं माहीत हवं

होमस्टेड कायद्यावर लिंकन यांची सही झाली २० मे १८६२ रोजी आणि तो लागू झाला १ जानेवारी १८६३ पासून. वय २१ पूर्ण असलेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाला सरकारी जमिनीतले १६० एकरांपर्यंत मागता येत. तो नागरिक असावा, नाहीतर नागरिक व्हायचा इरादा त्याने कोर्टात नोंदवलेला असावा. विधवा आणि अविवाहित बायकांनाही दावा लावता येई, नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला मात्र नाही. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन फोडून पीक घ्यायचं आणि दाव्यापासून सात वर्षांच्या आत साक्षीदार नेऊन ते सिद्ध करायचं. फी सगळी मिळून १८ डॉलरच्या आसपास. 'फुकट' म्हणतात ते हे. सुमारे १६ लाख दावे असे पुरे झाले.

सरकारने शेवटी जो मालकीचा कागद दिला त्याला पेटंट म्हणतात. आपल्या भाषेत सनदच ती. आणि सनद असली की तिच्या मागे फाइल असते. खरा खजिना त्या फाइलमध्ये असतो, पण तिथवर पोचायला थोडी पायपीट आहे.

डबा उघडा, पण पेन्सिल घेऊन बसा

सुरुवात घरातूनच. मृत्युलेखांची कात्रणं, कुटुंबाच्या बायबलची पहिली पानं, फोटोंच्या पाठी, लग्नाच्या पत्रिका, पीक विम्याच्या पावत्या, काहीही टाकू नका. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी बसा आणि 'आपले पूर्वज कोण' असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर सगळ्यांकडे पाठ असतं आणि बहुतेक वेळा चुकीचं. टपाल कुठल्या गावी यायचं? चर्च कुठलं, की चर्चला जातच नव्हते? शेजारच्या शेतात कोण? कुठल्या दिवशी, कुठल्या दफनभूमीत फुलं ठेवायला जात होता? असे प्रश्न विचारा.

मी एक नियम ठेवला. कागदावर पाहिलेलं शाईने लिहायचं, ऐकलेलं पेन्सिलीने. पेन्सिलीत गेलेली पहिली गोष्ट ही : "एलिस आयलंडवर कारकुनाने आपलं आडनाव बदललं." ही कथा अमेरिकेतल्या निम्म्या घरांत ऐकू येते. एलिस आयलंड, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र, उघडलं १ जानेवारी १८९२ रोजी आणि आमची मंडळी आली १८७० च्या सुमारास. शिवाय प्रवाशांची यादी निघण्याच्या बंदरात तयार होई. इथला कारकून त्या यादीवर खुणा करत असे, नावं नव्याने ठेवत बसत नसे. नावं बदलली ती इथे राहता राहता, शेजारी-शिक्षक-टपालवाल्यांच्या तोंडी. झेक लोकांत तर त्याला एक रीतच होती : यानचा जॉन झाला, फ्रांतिशेकचा फ्रँक, वोयत्येखचा अल्बर्ट. आणि व्हात्स्लावचा जेम्स! यात ध्वनीचा काही संबंध शोधत बसू नका, फक्त लक्षात ठेवा.

जनगणना : काउंटी पक्की करण्यापुरती

सर्वसाधारण जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि ७२ वर्षांनी लोकांसाठी खुली होते. १९५० ची २०२२ मध्ये खुली झाली. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर बहुतेक सगळं फुकट पाहता येतं. अलीकडच्या माहीत असलेल्या माणसापासून मागे मागे जा. उडी मारून थेट १८७० ला गेलात तर भलत्याच माणसाला खापरपणजोबा करून बसाल.

१८९० ची पानं शोधण्यात वेळ घालवू नका. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत त्यांचं वाटोळं झालं, थोडे तुकडे उरले. नेब्रास्काचं नशीब चांगलं, कारण इथे १८८५ ची वेगळी राज्य जनगणना आहे. कॅन्ससमध्ये तर दर दहा वर्षांनी, पाचाच्या सालात, अशी गणना होई.

सगळ्यात बोलकी १९०० ची. जन्माचा महिना आणि साल, देशात आल्याचं साल, नागरिक झाला की नाही, आणि बायकांसाठी दोन रकाने : किती मुलं जन्मली, किती हयात आहेत. आमच्या खापरपणजीपुढे लिहिलं होतं, आठ आणि पाच. हे दोन आकडे वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पुढे लागतात.

१९१० च्या गणनेत मातृभाषाही विचारली आहे. जन्मदेश 'ऑस्ट्रिया' आणि भाषा 'बोहेमियन' असं दिसलं तर गोंधळू नका, बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. आणि आपलं नाव सापडलं म्हणून पान बंद करू नका. आधीची तीन, नंतरची तीन पानं वाचा. शेजाऱ्यांची यादी करा. १८८० साठी शेतीची वेगळी प्रपत्रं आहेत, त्यात किती एकर कसलेले, किती बुशेल मका, किती पौंड लोणी, किती डझन अंडी हे सगळं आहे. घरातल्या बाईच्या कष्टाचा आकडा सरकारी कागदावर दिसतो तो एवढाच, लोणी आणि अंड्यांच्या रकान्यात.

गट नंबर

आता बाबांचा प्रश्न. जमीन व्यवस्थापन विभागाच्या जनरल लँड ऑफिस नोंदींच्या संकेतस्थळावर राज्य, काउंटी आणि आडनाव टाकलं की पेटंटची प्रतिमा मिळते, फुकट. आडनाव सापडत नसेल तर ते रिकामं सोडा, फक्त पहिलं नाव आणि काउंटी टाका, किंवा जनगणनेतल्या शेजाऱ्याचं नाव टाकून त्याच्या आसपासच्या जमिनी पाहा. आमचं पेटंट असंच सापडलं, शेजाऱ्याच्या नावावरून. आडनावात दोन अक्षरं उलटी पडली होती.

पेटंटवरचं जमिनीचं वर्णन असं असतं : वायव्य पावाचा दक्षिण अर्धा, सेक्शन १४, टाउनशिप ७ उत्तर, रेंज ३ पूर्व, सहावी प्रमुख मध्यान्हरेषा. हे शेवटाकडून वाचायचं. सहावी मध्यान्हरेषा म्हणजे मोजणीची उभी दोरी. सेलीन काउंटीची पश्चिम हद्द तीच. आडवी दोरी म्हणजे ४० वा अक्षांश, नेब्रास्का आणि कॅन्ससची सीमा. त्या दोन दोऱ्यांपासून सहा-सहा मैलांचे चौकोन पाडले. सीमेपासून वर सातवी ओळ, उभ्या रेषेपासून पूर्वेला तिसरा रकाना, तो आपला टाउनशिप. त्याचे ३६ सेक्शन, प्रत्येक एक मैल बाय एक मैल, ६४० एकरांचा. क्रमांक ईशान्येच्या कोपऱ्यातून सुरू होतो, पश्चिमेकडे ६ पर्यंत जातो, खाली उतरतो आणि ७ पासून परत पूर्वेकडे निघतो. औत तासाच्या टोकाला वळतं ना, अगदी तसं. सेक्शनचा पाव म्हणजे १६० एकर, त्याचा अर्धा ८०.

आमच्या माणसाला ८० एकरच का? तर त्या पट्ट्यात रेल्वे कंपनीला विषम क्रमांकाचे सेक्शन अनुदान म्हणून दिले होते, आणि अशा पट्ट्यातल्या सम सेक्शनांत सुरुवातीच्या काळात होमस्टेडरला ८० एकरच मिळत. इथे बरेच जण फसतात. अशा पट्ट्यात पूर्वजाची जमीन विषम सेक्शनमध्ये असेल तर त्याच्या नावाचं पेटंट बहुधा सापडणार नाही, कारण त्याने ती बर्लिंग्टनसारख्या रेल्वे कंपनीकडून पैसे मोजून घेतली असणार. तो व्यवहार काउंटीच्या कचेरीत नोंदलेला असतो. १६ आणि ३६ हे सेक्शन शाळांसाठी राखलेले.

पेटंटवर 'कॅश एंट्री' दिसली तरी होमस्टेड नव्हताच असं धरू नका. सहा महिने राहून एकराला सव्वा डॉलर भरून मोकळं होण्याची सोय होती. झाडं लावून जमीन मिळवण्याचा टिंबर कल्चर कायदा १८७३ ते १८९१ होता, तोही पाहा. पश्चिम नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांत १९०४ नंतर ६४० एकरांचे दावे दिसतील.

आणि एक. पेटंटवर 'पहिला मालक' म्हणून आपलं आडनाव बघताना छाती फुगते, माझ्या सासरच्यांचीही फुगली. प्लॅट नदीच्या दक्षिणेचा मुलूख पॉनी लोकांकडून १८३३ च्या कराराने घेतला गेला. ओटो-मिझूरिया लोकांना १८८१ मध्ये या भागातून इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आलं. लेकीच्या प्रकल्पात ही ओळ आम्ही सगळ्यात वर घातली.

आता माझी चूक सांगते. मी घाईत 'पूर्व'चं इंग्रजी आद्याक्षर 'पश्चिम' असं वाचलं. मध्यान्हरेषेच्या त्या बाजूला, तीस मैल दूर, फिलमोर काउंटीतल्या एका शेताच्या बांधावर आम्ही सहकुटुंब उभे राहिलो. सासूबाईंनी डोळे पुसले. नवऱ्याने मूठभर माती डबीत भरली. ती डबी अजून आमच्याकडे आहे, तिच्यात परक्याची माती.

फाइल मागवा

पेटंटवरचा प्रमाणपत्र क्रमांक, जमीन कचेरीचं नाव आणि जमिनीचं वर्णन या तीन गोष्टी घेऊन वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे 'लँड एंट्री केस फाइल' ऑनलाइन मागवता येते. पैसे पडतात. नेब्रास्काच्या होमस्टेड फाइली मात्र स्कॅन होऊन फोल्ड३ या संकेतस्थळावर आल्या आहेत, त्यामुळे आधी तिथे बघा. सार्वजनिक ग्रंथालयात किंवा बि-अ‍ॅट्रिसजवळच्या होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात बसून पाहता येतं. (गावाचं नाव मुलीच्या नावासारखं लिहितात, पण उच्चारताना जोर 'अ‍ॅ'वर. चुकीचं म्हणालात की लगेच ओळखतात बाहेरचे म्हणून.)

दावा लावला पण पुरा केला नाही, कंटाळून निघून गेला, अशांचं पेटंट नसतं, त्यामुळे पेटंटच्या शोधात ते दिसत नाहीत. त्यांच्यासाठी ट्रॅक्ट बुकं आहेत. जमिनीच्या क्रमाने लावलेली ही वह्यांची मालिका फॅमिलीसर्चवर आहे आणि रद्द झालेले दावेही तिच्यात नोंदले आहेत.

फाइलमध्ये काय असतं? मूळ अर्ज, नागरिकत्वाच्या कागदांची नक्कल, वर्तमानपत्रात छापलेल्या जाहीर नोटिशीचा पुरावा (१८७९ पासून), आणि दावेदार व दोन साक्षीदारांचे जबाब. जबाब छापील प्रश्नांना हाताने लिहिलेली उत्तरं असतात. आमच्या माणसाने १८७१ ला दावा लावला आणि १८७७ ला पुरावा दिला. घर १४ बाय १८ फूट, गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांचं. एक दार, दोन खिडक्या. विहीर एक. गोठा एक. ३५ एकर फोडलेले. गैरहजर राहिलात का? होय, १८७४ च्या टोळधाडीनंतर मजुरीसाठी काही महिने. टोळांनी पीक खाल्लं म्हणून बाहेर गेलेल्यांचा हक्क जाऊ नये अशी सवलत तेव्हा सरकारने दिली होती, म्हणून तो बिनदिक्कत 'होय' म्हणतोय. कुटुंबात कोण? पत्नी व तीन मुलं.

खाली सही नाही. फुली आहे, आणि फुलीच्या दोन बाजूंना कारकुनाने लिहिलेलं नाव.

साक्षीदारांची नावं वाचा, पुन्हा वाचा. नोटिशीत चार नावं छापली जात, त्यांतले दोघे येऊन जबाब देत. हे लोक रस्त्यावरून धरून आणलेले नसत. आमचा एक साक्षीदार खापरपणजीचा सख्खा भाऊ निघाला. तिचं माहेरचं आडनाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. ते कळलं साक्षीदाराच्या नावावरून, आणि पक्कं झालं काउंटीतल्या लग्नाच्या नोंदीवरून. बाप्यांच्या कागदांतून बाईचं माहेर असं मागच्या दाराने शोधावं लागतं, इथेही.

काउंटीची कचेरी

सेलीन काउंटीचं मुख्य गाव विल्बर. कोर्टाच्या इमारतीत रजिस्टर ऑफ डीड्स बसतो, आपल्याकडचं दुय्यम निबंधक कार्यालय समजा. इथे विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाची सूची असते, आणि शिवाय जमिनीच्या क्रमाने लावलेली एक सूची असते. ती मागा. सेक्शन १४ चं पान उघडलं की त्या तुकड्यावरचे सगळे व्यवहार ओळीने खाली येतात : गहाण, फेड, वाटणी, वारस, विक्री. फेरफाराची वहीच. आमच्या माणसाने पश्चिमेला लागून असलेल्या सेक्शन १५ मधले ८० एकर रेल्वेकडून घेतल्याचं इथेच कळलं.

जंगम मालमत्तेची गहाणखतं मिळाली तर सोडू नका. त्यात घोडे-खेचरं रंगासकट, वयासकट आणि कधी कधी नावासकट लिहिलेली असतात. वारसाहक्काच्या फाइली काउंटी कोर्टात. त्यात सगळ्या मुलांची नावं, लग्न झालेल्या मुलींची सासरची नावं आणि घरातल्या भांड्यांपर्यंतची यादी.

जाण्याआधी फोन करा, कुठली पुस्तकं तळघरात आहेत ते विचारा, आणि एका भेटीत एकाच सेक्शनचं काम घ्या. एका कचेरीत मी यादी न घेता गेले आणि दिवसाच्या शेवटी माझ्याकडे तीन भलत्या कुटुंबांच्या झेरॉक्स होत्या.

जन्म-मृत्यूची राज्यभराची नोंद नेब्रास्कात १९०४ पासून. त्याआधी जन्मलेल्यांपैकी अनेकांनी १९३५ नंतर, पेन्शनसाठी वय सिद्ध करायला म्हणून, 'उशिराची जन्मनोंद' करून घेतली. तिच्यासोबत जुन्या शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं असतात.

वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं क्रॉनिकलिंग अमेरिका बघा. झेक घराणं असेल तर ओमाहाहून निघणाऱ्या 'होस्पोदार्झ' या शेतीविषयक नियतकालिकात वाचकांची पत्रं भरपूर असत.

प्रत्यक्ष शेतावर

जमीन आज कुणाची आहे ते काउंटीच्या ऑनलाइन नकाशावर कळतं. आधी पत्र लिहा किंवा फोन करा. न विचारता कुणाच्या रानात शिरू नका. 'आमच्या पूर्वजांची जमीन' म्हटलं की काही जणांना वाटतं तुम्ही हक्क सांगायला आलात. पहिल्याच वाक्यात सांगून टाका की फक्त बघायचंय.

रस्ते मैलामैलाला सेक्शनच्या हद्दीवरून जातात, त्यामुळे जागा शोधणं सोपं. घर शोधू नका, ते गेलेलं असतं. झाडं शोधा. सपाट मक्याच्या रानात मधेच लायलॅकचं झुडूप, आयरिसच्या फुलांचा ताटवा किंवा रुबार्बचं बेट दिसलं तर ते आपोआप उगवलेलं नव्हे, कुणाच्या तरी दारात लावलेलं होतं. मे महिन्यात जा, लायलॅक फुललेला असतो आणि पीक अजून गुडघ्याला लागलेलं नसतं. जमिनीत खोलगट भाग दिसला तर ती खोदून केलेल्या घराची जागा असू शकते. नाहीतर बुजवलेल्या विहिरीची, म्हणून तिथे पाय टाकू नका आणि पोरांना हाताशी धरा. पायांत लांब मोजे घाला, गोचिडी आहेत.

१९३० च्या दशकाच्या शेवटी कृषी खात्याने काढलेली हवाई छायाचित्रं मिळवता आली तर बघा. घर, गोठा, झाडांची रांग, सगळं वरून दिसतं.

दफनभूमी

फाइंड अ ग्रेव्ह या संकेतस्थळावर थडग्याचा फोटो मिळाला तरी स्वतः जा. फोटो एका दगडाचा असतो आणि माहिती दोन दगडांच्या मधल्या जागेत असते.

कुठली दफनभूमी? बोहेमियातून आलेल्यांत कॅथलिक होते तसे धर्मसंस्थेशी फारकत घेतलेले मुक्तविचारीही बरेच होते, आणि त्यांनी स्वतःच्या 'बोहेमियन नॅशनल' दफनभूम्या काढल्या. म्हणून डब्यातला तो प्रश्न : चर्चला जात होता की नाही? चर्चच्या दफनभूमीत माणूस सापडला नाही तर मैलभर पुढे, कुंपणाच्या आत, क्रूस नसलेल्या दगडांत बघा.

सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. ऊन नीट पडत नसेल तर साधा आरसा घ्या आणि बाजूने प्रकाश टाका. दगडावर खडू, शेव्हिंग क्रीम, पीठ काहीही चोळू नका, तारेचा ब्रश तर नकोच. जुना संगमरवर साखरेसारखा विरतो. साधं पाणी आणि मऊ ब्रश, तेही दगड डुगडुगत नसेल तर. निळसर करडा, नव्यासारखा खणखणीत दगड दिसला तर बोटाने वाजवून बघा, तो जस्ताचा निघेल. 'व्हाइट ब्राँझ' नावाने ही स्मारकं १८७० च्या दशकापासून १९१४ पर्यंत विकली गेली.

आमच्या दगडांवर झेक आहे. झ्दे ओद्पोचीवा, म्हणजे येथे विश्रांती घेत आहे. नारोझेन, नारोझेना : जन्मला, जन्मली. शेवटचा 'आ' दिसला की बाई, मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. आडनावंही तशीच : तो नोवाक, ती नोवाकोवा, कुटुंब एकच. महिन्यांत मात्र सांभाळा. चेर्वना म्हणजे जूनचा आणि चेर्वेन्त्से म्हणजे जुलैचा. झिजलेल्या दगडावर हे दोन हमखास एकमेकांत मिसळतात.

जन्मतारीख नसली आणि वय दिलं असलं तर उलटी वजाबाकी करा. एका छोट्या दगडावर होतं : मृत्यू १२ मार्च १८९३, वय ४ वर्षं ७ महिने २० दिवस. चार वर्षं मागे, १२ मार्च १८८९. सात महिने मागे, १२ ऑगस्ट १८८८. वीस दिवस मागे, २३ जुलै १८८८. दगडावर बसलेलं कोकरू म्हणजे लहान मूल. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यासारखा दगड म्हणजे बहुधा वुडमेन नावाच्या भ्रातृमंडळाचा सभासद. त्या मंडळाच्या विम्याच्या कागदांचा शोध घ्या.

प्रत्येक दगडाचा फोटो काढल्यावर मागे सरका आणि सगळ्या रांगेचा एक काढा. कोण कुणाशेजारी आहे ते वहीत रेखाटा. आमच्या रांगेच्या टोकाला तो साक्षीदार मेहुणा होता. दफनभूमी सांभाळणाऱ्या मंडळाकडे जागांचा नकाशा आणि वही असते, दगड नसलेल्यांचीही त्यात नोंद असते. ती नक्की मागा.

बोहेमियातल्या गावाचं नावही बहुतेक वेळा इथेच किंवा मृत्युलेखात मिळतं. १९०६ च्या आधीच्या नागरिकत्वाच्या कागदात सहसा 'ऑस्ट्रियाच्या सम्राटाची निष्ठा सोडली' एवढंच असतं. गाव मिळालं की झेक प्रादेशिक अभिलेखागारांची चर्च-नोंदवह्यांची पानं घरबसल्या वाचता येतात. त्यांत घर क्रमांक असतो. पण जुनी पानं जर्मन वळणाच्या हस्ताक्षरात आहेत, आणि ज्यांनी मोडी शिकायचा प्रयत्न केलाय त्यांना कळेल मी कुठे अडकले आहे.

आठ आणि पाच

त्या दोन आकड्यांकडे परत येते. आठ जन्मली, पाच हयात. म्हणजे १९०० पर्यंत तीन गेली. दफनभूमीत दोन छोटे दगड सापडले, १८८६ चा आणि १८९३ चा. मंडळाच्या वहीतही दोनच. तिसरं कुठे?

मी सगळे कागद सेक्शनच्या क्रमांकाने लावते, माणसाच्या नावाने नाही; ७ उत्तर, ३ पूर्व, १४ असा एकच फोल्डर. त्यामुळे १८७७ चा जबाब आणि १८८० ची जनगणना एकाखाली एक आली. जबाबात तीन मुलं. तीन वर्षांनंतर, तीन वर्षांवरची मुलं दोनच. १८८० च्या मृत्यूंच्या प्रपत्रात आधीच्या फक्त बारा महिन्यांतले मृत्यू असतात, त्यात नाव नाही. आणि ती दफनभूमी तेव्हा सुरूच झालेली नव्हती. तिथला सगळ्यात जुना दगड १८८३ चा आहे.

हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी लायलॅकच्या वरच्या कोपऱ्यात आजोबा नांगर घालू देत नसत. का, ते कुणी विचारलं नव्हतं, आजोबांनाही बहुतेक माहीत नसावं; त्यांच्या वडिलांनी घालू दिला नाही म्हणून त्यांनी नाही.

वहीत मी सेक्शन १४ चा चौकोन काढला, त्या कोपऱ्यावर खूण केली. पेन्सिलीने.